लंपनचे मोजमाप

मराठी कथासाहित्यात बालपणाची चित्रे विपुल आहेत. ती रेखाटणारी जाणीव मात्र बहुधा प्रौढाची असते. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’मध्ये मोठा झालेला श्याम आपल्या आठवणी रात्रीमागून रात्र सांगत जातो. प्रसंग घडताना मुलाच्या मनात काय चालले होते, यापेक्षा त्यातून पुढे कोणता माणूस घडला, याला तेथे अधिक मोल आहे. त्या कलाकृतीच्या हेतूशी हे सुसंगतच होय. परंतु त्यामुळे वाढणे म्हणजे संस्कारित होणे, हे समीकरण वाचकाच्या मनात दृढ झाले आणि वाढताना आतले काय राखता येते, हा प्रश्न मागे पडला.

प्रकाश नारायण संत (1937–2003) यांच्या लंपनकथा हा प्रश्न पुन्हा उभा करतात. ‘वनवास’ (1994), ‘शारदा संगीत’ (1997), ‘पंखा’ (2001) आणि ‘झुंबर’ या चार संग्रहांतून वावरणारा लंपन स्वतःच निवेदक आहे. एखादी गोष्ट किती वेळा घडली, हे सांगताना तो मोठमोठे, तंतोतंत भासणारे आकडे देतो. ही केवळ गमतीदार लकब मानणे अपुरे ठरेल. शाळेतल्या गणितात आकडा सर्वांसाठी एकच असतो. लंपनच्या आकड्यांचा पडताळा त्याच्याखेरीज कोणालाच घेता येत नाही. ‘मॅडसारखा’ हा त्याचा लाडका शब्दही याच जातीचा. मोठ्यांकडून आलेली साधने तो आपल्या अनुभवाच्या मापाने वापरतो. त्याचे आंतरिक स्वातंत्र्य बंडात नाही, या मोजमापात आहे.

हे स्वातंत्र्य सुखातून आलेले नाही, हेही लक्षणीय. आई-वडिलांपासून दूर, कन्नड-मराठी सीमाभागातल्या गावात लंपन आजी-आजोबांकडे राहतो. ‘वनवास’ या शीर्षकात त्या तुटलेपणाची बोच आहे. मात्र वनवासात जशी हद्दपारी असते तसे अरण्यही असते. आजीच्या मायेने सुरक्षित आणि तरीही आतून एकट्या असलेल्या या मुलाला झाडे, रस्ते, सूर आणि माणसे न्याहाळण्यासाठी विस्तीर्ण अवकाश लाभतो. त्याची कल्पनाशक्ती विरहाला विसरत नाही. विरहासह जगण्याची रीत शोधते.

या कथांवर स्मरणरंजनाचा आक्षेप घेता येईल. पण स्मरणरंजनात हरवलेल्या काळासाठी हळहळणारा प्रौढ उपस्थित असावा लागतो. संतांच्या निवेदनात तो जवळजवळ नाही. लंपनला आपले बालपण रम्य आहे, याची कल्पनाच नाही. ते त्याला अवघड, गोंधळाचे आणि कधी असह्य वाटते. सुमीविषयीची ओढ त्याला नीट उमगत नाही, मोठ्यांची दुःखे अर्धवटच कळतात. निवेदन ती उणीव भरून काढत नाही आणि अर्थाचे ओझे मुलाच्या खांद्यावर टाकत नाही.

अधिक गंभीर प्रश्न वेगळाच आहे. चार संग्रहांनंतरही लंपन प्रौढ होत नाही. मग त्याचे स्वातंत्र्य टिकले ते केवळ लेखकाने त्याला वाढू दिले नाही म्हणून का? कथांच्या चौकटीत या प्रश्नाला पूर्ण उत्तर नाही, आणि ही त्यांची मर्यादा मान्य करावी लागते. तथापि ‘वनवास’ पुस्तकरूपाने आला तेव्हा त्याचा लेखक, भूगर्भशास्त्राचा अध्यापक, सत्तावन्न वर्षांच्या घरात होता. शास्त्राची काटेकोर मापे आयुष्यभर हाताळूनही त्याने लंपनचे माप हरवू दिले नव्हते. लंपन मोठा झाला असता तर त्याच्यापाशी काय उरले असते, याचा पुरावा कथानकात सापडत नाही. तो या गद्याच्या प्रत्येक वाक्यात आहे.