आवडत्या हॉटेलांचे वाङ्मय आणि आपण

मराठी वृत्तपत्रांच्या रविवार पुरवण्यांतून आणि दिवाळी अंकांतून एक लेखनप्रकार आता चांगलाच रुजला आहे. पुण्यामुंबईतील आपली आवडती हॉटेले, तिथली मिसळ, तिथला बनमस्का, अमक्या गल्लीतली खानावळ, तमक्या इराण्याचा चहा; आणि अलीकडे सुटीच्या दिवशी उशिरा उठून नाश्ता व जेवण एकदमच उरकण्याची, ज्याला 'ब्रंच' म्हणतात, त्याची ठिकाणे. समीक्षक या लेखनाला हात लावत नाहीत. हलकेफुलके म्हणून सोडून देतात. मला मात्र ते गंभीरपणे वाचले पाहिजे असे वाटते. नांदेडला माझ्या वर्गात बसणारी कंधार, मुखेड, देगलूर, किनवटकडची मुले पदवीनंतर पुण्याची वाट धरतात. महानगर म्हणजे काय, चव म्हणजे काय, सुसंस्कृत माणूस कुठे व कसा खातो, याचे पाठ त्यांना या लेखनातून मिळतात. जे लेखन पाठ देते ते तपासले गेले पाहिजे.

या लेखनाचा नायक नेहमी 'शोध' घेत असतो. तो गल्लीबोळांतून हिंडतो, एखाद्या दारात थबकतो, आत शिरतो, टेबलाशी बसतो, मागवतो आणि तृप्त होतो. या क्रियापदांतले 'आत शिरतो' हे क्रियापद तो किती सहज वापरतो, ते पाहा. दार उघडे असणार, मालक विचारणार नाही, कपबशी तीच मिळणार जी शेजारच्याला मिळाली, हे सारे त्याने गृहीत धरले आहे. आवडनिवड ही पुढची गोष्ट आहे. आवड निर्माण होण्याआधी प्रवेश असावा लागतो. ज्याला प्रवेशच नव्हता त्याची 'आवड' कोणत्या हॉटेलात तयार होणार होती?

या प्रवेशाचा इतिहास फार जुना नाही. परदेशात शिकून आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1917 साली बडोद्यात नोकरीवर रुजू झाले, तेव्हा एकाही हिंदू हॉटेलात त्यांना जागा मिळणे शक्य नव्हते. पारशी असल्याचे सांगून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. जात उघड होताच काठ्या घेतलेला जमाव दारात उभा राहिला. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या लेखनात त्यांनी हे स्वतः नमूद केले आहे. त्याच काळात कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांनी शाहू महाराजांच्या साह्याने चहाचे हॉटेल काढले. अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला कोणी फिरकेना. तेव्हा महाराज स्वतः गाडी थांबवून तिथला चहा घेत आणि सोबतच्या मानकऱ्यांनाही घ्यायला लावत. एका चहाच्या दुकानाला गिऱ्हाईक मिळावे म्हणून राजाला रस्त्यावर उभे राहावे लागले! पुढे 26 जानेवारी 1950 पासून अमलात आलेल्या संविधानाच्या पंधराव्या कलमाने दुकाने व सार्वजनिक उपाहारगृहे यांतील प्रवेशाचा स्पष्ट उल्लेख केला. देशाच्या मूलभूत हक्कांच्या यादीत हॉटेलचे नाव घालावे लागते, यातच सगळे आले. त्यानंतर 1955 साली अस्पृश्यता गुन्हा कायदा झाला. तोच 1976 मध्ये नागरी हक्क संरक्षण कायदा या नावाने कडक करण्यात आला. कायदा वारंवार कडक करावा लागतो, तो पाळला जात नाही म्हणून.

दलित साहित्यात हॉटेल येते ते या इतिहासासह. शरणकुमार लिंबाळे यांच्या 'अक्करमाशी'त (1984) गावच्या चहाच्या दुकानातली वेगळी कपबशी आहे, आणि तिच्याविरुद्ध पोलिसांकडे जाण्याची तरुण हिंमतही आहे. बाबूराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' (1963) या कथेत जात लपलेली असते तोवर आदर आहे. ती कळताच मार आहे. आपल्या लेखकांना हॉटेल हे परीक्षेचे ठिकाण वाटते. पुरवणीतला लेखक हॉटेलला गुण देतो, आणि आपल्या लेखनात हॉटेल माणसाला गुण देते. दोन्ही वर्णने एकाच महाराष्ट्राची आहेत. परंतु पहिले 'खाद्यसंस्कृती' ठरते आणि दुसरे 'व्यथा' ठरते. ही विभागणी मला मान्य नाही. वेगळी कपबशी हासुद्धा मराठी खाद्यसंस्कृतीचाच भाग आहे. खाद्यसंस्कृतीचे पुस्तक लिहायचे तर तिचे चित्र पहिल्या प्रकरणात छापले पाहिजे.

इराणी हॉटेलांविषयी तर गहिवरून लिहिले जाते. मुंबईची कयानी 1904 ची, ब्रिटानिया 1923 ची, पुण्याचे गुडलक 1935 चे. संगमरवरी टेबले, लाकडी खुर्च्या, भिंतीवरचे आरसे यांची वर्णने आपण वाचतो. पण त्या टेबलाचा खरा गुण कोणी लिहीत नाही. तिथे पैसे ठेवले की चहा मिळत असे. आडनाव सांगावे लागत नसे. खेड्यातून गिरणीत आलेल्या माणसाच्या दृष्टीने चवीआधी हाच त्या चहाचा गोडवा होता. आमच्या मराठवाड्यात निजामी अमलापासून मुसलमानांची हॉटेले होती. माझे आजोबा मोंढ्याच्या कामाला नांदेडला आले की वजिराबादेत अशाच एका हॉटेलात जेवत. सालन चांगले असते म्हणून जातो, असे ते सांगत. सालन चांगले असेलही. परंतु निवड करायला दुसरे दार होते कुठे? अर्थात यावरून कोणत्या धर्माला उदारतेचे प्रमाणपत्र देऊ नये. बडोद्याच्या काठ्या पारशांच्याच हातांत होत्या. आणि आमच्याच नांदेडात गुरुद्वाऱ्याच्या लंगरमध्ये आजही सगळे एका पंगतीत जमिनीवर बसतात. पण त्याच पंगतीतून उठलेली माणसे गावी परतल्यावर पुन्हा आपापल्या वाटेने जातात. एक पंगत बदलली म्हणून गाव बदलत नाही.

या प्रकारात चांगले लेखन होऊच शकत नाही, असे माझे म्हणणे नाही. अरुण कोलटकर मुंबईच्या काळा घोडा भागातल्या 'वेसाइड इन' या हॉटेलात नेमाने बसत. आता ते हॉटेल राहिलेले नाही. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या इंग्रजी संग्रहात काळा घोड्याच्या न्याहारीवर एक दीर्घ कविता आहे. तिच्यात पदपथावर इडली विकणारी बाई आहे आणि तिच्याभोवती जमलेली, शहराने फेकून दिलेली माणसे आहेत. कवी हॉटेलच्या खिडकीत बसलेला आहे, पण त्याची नजर रस्त्यावर आहे. पुरवणीतला लेखक रस्त्यावर उभा असतो आणि त्याची नजर हॉटेलच्या आत असते. दोघांत एवढाच फरक आहे, आणि तो साहित्याचा फरक आहे.

आता एक नवी लाट आली आहे. 'अस्सल गावरान' नावाची हॉटेले महानगरांत निघाली आहेत. भाकरी, ठेचा, पिठले मातीच्या ताटात येते आणि भिंतीवर कंदील टांगलेला असतो. आपल्या वस्त्यांमध्ये दोन वेळचे मिळून एकदाच खाणे पिढ्यान्पिढ्या चालत आले. त्याला ब्रंच म्हणून कोणी गौरवले नाही. त्या ताटातले जे सोयीचे ते उचलले आणि जे गैरसोयीचे ते वगळले. वगळलेले काय होते, हे उस्मानाबाद भागातले शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' (2015) या पुस्तकात मांडले. मराठवाड्यातील महार-मांगांचे खाणे, मेलेल्या जनावराच्या मांसाचे वाटे, ते वाळवून टिकवण्याच्या रीती हे त्यांनी लाज न बाळगता व दया न मागता लिहिले. त्याआधी 2009 साली पुणे विद्यापीठात शर्मिला रेगे व त्यांच्या विद्यार्थ्यांनी 'हे ताट भारतीय नाही काय?' अशा अर्थाच्या शीर्षकाचे पुस्तक सिद्ध केले होते. पाटोळे यांचे पुस्तक आले त्याच 2015 मध्ये महाराष्ट्रात बैल व वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. पुस्तकात ताट आले आणि कायद्याने ताटातले उचलले. हा योगायोग असेल. पण वाचकाने तो विसरू नये.

आणि दार आता तरी सताड उघडे आहे काय? 'शुद्ध शाकाहारी' या पाटीतला 'शुद्ध' हा शब्द भाजीला लागतो की बसणाऱ्याला? मुंबईच्या आयआयटीत 2023 साली वसतिगृहाच्या भोजनगृहात शाकाहारींसाठी वेगळी टेबले राखण्यात आली, आणि त्याचा निषेध करणाऱ्या विद्यार्थ्याला दंड झाला. वेगळी कपबशी वळचणीतून निघाली आणि टेबल होऊन उच्च शिक्षणाच्या दालनात आली. आमची मुले पुण्यात डब्यात काय आहे ते झाकून खातात, हे मला त्यांच्याच तोंडून ऐकायला मिळते.

शेवटी आपल्या लेखकांनाही एक सांगायचे आहे. आपण भूक लिहिली, अपमान लिहिला. ते लिहिणे आवश्यकच होते. पण चव लिहायची आपण अजून टाळतो. पहिला पगार हातात आल्यावर आईबापांना लातूरच्या किंवा नांदेडच्या चांगल्या हॉटेलात नेणारा, खुर्चीच्या कडेवर अवघडून बसलेल्या आईला "नीट टेकून बस, माय" म्हणणारा आपला तरुण आपल्या कथेत कुठे आहे? त्या आईला तिथले काय आवडले, काय बेचव वाटले, ती काय म्हणाली? खाण्यातला आनंद हा अभिजनांचा खासगी इलाखा नाही. तो आपणही मिळवला आहे, आणि फार मोठी किंमत देऊन मिळवला आहे. म्हणून आपल्या आवडत्या हॉटेलांविषयी आपण जरूर लिहावे. तिथली भाजी कशी आहे ते लिहावे, आणि त्या दारातून आत येणारे आपल्या घराण्यातले पहिले माणूस कोण, हेही त्याच परिच्छेदात लिहावे. तसे लिहिले गेले की रविवारची पुरवणीही वेगळी वाचली जाईल.