ऑनलाइन चित्रपट मंडळातील चित्रपटांची निवड : एक चिकित्सा

प्रस्तावना :
चित्रपट दाखविणे एवढेच चित्रपट मंडळाचे कार्य आहे, असा सर्वसाधारण समज आढळतो. वस्तुतः कोणता चित्रपट पाहावयाचा, हा निर्णय समीक्षेचीच पहिली पायरी होय. २०२० मधील टाळेबंदीच्या काळात चित्रपट मंडळांचे कार्य इंटरनेटवर येऊ लागले. अशा मंडळात सभासद आपापल्या घरी चित्रपट पाहतात व ठरलेल्या वेळी ऑनलाइन चर्चा करतात. या बदलामुळे निवडीचा प्रश्न नव्याने उभा राहिला आहे. त्याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

निवडीची परंपरा :
सत्यजित राय, चिदानंद दासगुप्ता आदींनी १९४७ मध्ये कलकत्ता फिल्म सोसायटी स्थापन केली. १९५९ मध्ये फेडरेशन ऑफ फिल्म सोसायटीज ऑफ इंडिया, १९६४ मध्ये पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आणि १९६८ मध्ये मुंबईचे प्रभात चित्र मंडळ अस्तित्वात आले. त्या काळी निवड प्रिंटच्या उपलब्धतेवर अवलंबून असे. ही मर्यादा खरीच. परंतु तिच्यामुळेच एरवी कोणी निवडला नसता असा चित्रपटही सभासदांकडून पाहिला जाई. आज ही टंचाई पुष्कळशी ओसरली आहे. निवड मतदानाने केली, तर ज्याचे नाव कोणी ऐकलेले नाही, तो चित्रपट आपोआप मागे पडतो.

गाजलेल्या याद्यांचा आधारही पुरेसा नाही. ‘साइट अँड साउंड’ या ब्रिटिश नियतकालिकाच्या दर दहा वर्षांनी होणाऱ्या कौलात १९५२ मध्ये ‘बायसिकल थीव्हज’, १९६२ ते २००२ या काळात ‘सिटिझन केन’, २०१२ मध्ये ‘व्हर्टिगो’ आणि २०२२ मध्ये शांताल आकरमान यांचा ‘झान दिएलमान’ (१९७५) प्रथम आला. चित्रपट तेच राहिले. मत देणारे व त्यांची अभिरुची बदलली. क्रमांक कीर्ती सांगतो, पाहण्याचे प्रयोजन सांगत नाही.

दोन चित्रपट, एक प्रश्न :
हे प्रयोजन दोन चित्रपट जवळ ठेवल्याने स्पष्ट होते. मणि कौल यांच्या ‘उसकी रोटी’ (१९७०) मध्ये बालो ही पंजाबी स्त्री बसचालक पतीची भाकरी घेऊन रस्त्यावर ताटकळत उभी राहते. ‘झान दिएलमान’मध्ये ब्रुसेल्समधील एका विधवेचे तीन दिवस दोनशे मिनिटांत दाखविले आहेत. स्त्रीच्या श्रमाचा व प्रतीक्षेचा काळ पडद्यावर कसा मोजावा, हा दोहोंतील समान प्रश्न आहे. कौल प्रत्यक्ष आणि मनातले यांची सीमारेषा पुसून तो काळ लांबवितात. आकरमान स्वयंपाकघरातील कामे सलग दाखवून त्याला वजन देतात.

घरी पाहताना खरी अडचण येथेच उद्भवते. झानचे बटाटे दुसऱ्या दिवशी प्रमाणाबाहेर शिजतात. ही क्षुल्लक चूक प्रेक्षकाला हादरविते, कारण पहिल्या दिवशीचा तिचा काटेकोर नेम त्याने पूर्ण पाहिलेला असतो. पहिला दिवस कंटाळून पुढे सरकविणाऱ्यास दुसऱ्या दिवसाचा अर्थ लागत नाही. अंधाऱ्या सभागृहातून उठून जाण्यास संकोच वाटे; घरी बटण दाबण्यास तोही उरत नाही.

निष्कर्ष :
यास्तव मतदान सर्वस्वी टाकून न देता त्याच्या जोडीला जबाबदार निवड हवी. एक चित्रपट बहुमताने आणि दुसरा एका सभासदाने पाळीपाळीने सुचवावा, दोहोंमागील प्रश्न लेखी मांडावा व चित्रपट एका बैठकीत पाहण्याचे बंधन सर्वांनी स्वीकारावे. ‘उसकी रोटी’ कंटाळवाणा वाटला, असे म्हणण्याचा अधिकार सभासदास असावाच. मात्र तो कोठे आणि का कंटाळवाणा झाला, हे सांगण्याची जबाबदारीही त्याच्यावर राहावी. अशा चर्चेतूनच वैयक्तिक आवडनिवडीचे समीक्षेत रूपांतर होते. हे घडले नाही, तर मंडळ व घरात एकट्याने चित्रपट पाहणे यांत भेद उरणार नाही.