सिंहासनावरून दिसणारी दुर्बलता

खेळाची समीक्षा या पानांवर कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. कथा, कविता, आत्मकथने यांचा विचार करणाऱ्यांनी संगणकावरच्या करमणुकीकडे वळावे, हा त्यांना वेळेचा अपव्यय वाटेल. पण ज्या माध्यमातून आपली मुले आज इतिहास 'खेळतात', त्या माध्यमात कोणती मूल्ये दडली आहेत याची चिकित्सा आपण करायची नाही, तर कोणी करायची? पुराणे, कीर्तने, पाठ्यपुस्तके यांची झाडाझडती आपण घेतली. मग या नव्या पोथीलाच सूट का?

निमित्त साधे आहे. वसतिगृहातला एक विद्यार्थी जुन्या संगणकावर खेळत बसला होता. त्याचे राज्य तीन शहरांचे, शेजाऱ्याचे आठ शहरांचे. मी म्हणालो, "हरलास की रे." पडद्यावरची नजर न काढता तो म्हणाला, "नाही सर, अजून सावरता येईल. जातिव्यवस्था लावली की डाव सावरतो."

मी काही बोललो नाही, पण ते वाक्य मनातून जाईना. मुलगा आपल्याच वस्तीतून आलेला, वाचणारा, चौदा एप्रिलला भाषण करणारा. आणि खेळाच्या नियमांप्रमाणे तो चूक नव्हता. म्हणून नियमच तपासणे भाग पडले.

खेळाचे नाव 'सिव्हिलायझेशन'. सिड मायर आणि ब्रूस शेली यांनी रचलेला पहिला खेळ १९९१ साली आला. माझ्या विद्यार्थ्यासमोर होता तो या मालिकेतला चौथा, २००५ सालचा, सोरेन जॉन्सन यांच्या आखणीचा. यात खेळाडू एका राष्ट्राचा शासक होतो. ख्रिस्तपूर्व ४००० पासून आरंभ करून पाळीपाळीने शहरे वसवायची, शोध लावायचे, सैन्य उभारायचे आणि इतर साम्राज्यांना मागे टाकायचे. इतर साम्राज्ये संगणक चालवतो. तो आपले बळ सतत मोजत असतो, आणि आपण दुबळे दिसलो की चाल करून येऊ शकतो.

अशा दुबळ्या अवस्थेतून वर कसे यावे, याचे एक शास्त्रच जाणत्या खेळाडूंनी बांधले आहे, आणि ते मुळीच बालिश नाही. पहिली गोष्ट हिशेबाची. शहरे वाढली की त्यांचा खर्च वाढतो, खजिना आटतो, संशोधन मंदावते. म्हणून घाईने पसरण्यापेक्षा आहे ते घर आधी सावरायचे. दुसरी गोष्ट ज्ञानाची. शेजाऱ्यांकडे नाही असा एखादा शोध आपण आधी लावायचा आणि तो एकेकाला देऊन त्यांच्याकडचे शोध मिळवायचे. गंमत अशी की लिपीचा शोध लागल्याशिवाय ही देवघेव करताच येत नाही. दुर्बलाच्या हाती अक्षर आले की त्याचा डाव पालटू लागतो, हे या खेळाने नेमके ओळखले आहे. तिसरी गोष्ट शत्रूंची. दोन आघाड्यांवर लढायचे नाही. एकाशी धर्माचे वा व्यापाराचे नाते जोडून वेळ मिळवायचा. चळवळीत वावरलेल्या कोणालाही हे शहाणपण ओळखीचे वाटेल.

पण चौथी गोष्ट गुलामगिरीची आहे, आणि तिथे पाऊल अडखळते.

कांस्याचा शोध लागला की राज्यात गुलामगिरी लागू करता येते. ती लागू असताना शहरातले नागरिक खर्ची घालून काम तडीस नेता येते. नेहमीच्या वेगाच्या डावात एका नागरिकामागे उत्पादनाचे ३० एकक मिळतात. एका वेळी निम्म्याहून अधिक लोक खर्ची घालता येत नाहीत, एवढीच मर्यादा. उरलेले लोक दहा पाळ्या नाराज राहतात, पुढे विसरतात. शहरात धान्याचे कोठार असेल तर फारच उत्तम, कारण वाढीच्या वेळी निम्मे धान्य कोठारात शिल्लक राहते आणि गेलेल्यांची जागा लवकर भरून निघते. खेळाडूंच्या भाषेत याला 'चाबूक मारणे' म्हणतात. पिछाडीवर पडलेल्या राज्याने सैन्य झटपट कसे उभारावे, याचे हे हमखास उत्तर.

मी त्या मुलाला विचारले, "या राज्यात आपण कुठे आहोत रे?" तो म्हणाला, "आपण राजा, सर."

इथे खेळाची सगळी दृष्टी उघडी पडते. दुर्बल कोण, तर ज्याची शहरे कमी तो राजा. ज्याच्या पाठीवर चाबूक पडला तो दुर्बल नव्हे; तो पडद्यावरच्या रांगेतला एक चेहरा, आणि पुढच्या पाळीत तोही नाही. राजाची दुर्बलता ही समस्या ठरते आणि माणसाचे मरण हा तिच्यावरचा उपाय ठरतो. ज्यांच्या पूर्वजांना कोणत्याच सिंहासनाजवळ उभे राहू दिले नाही, त्या मुलाला तासभर राजा होण्यात जे सुख मिळते, त्याची मी थट्टा करणार नाही. पण त्या सुखासाठी स्वतःच्या पूर्वजांकडे त्याला वरून पाहावे लागते, हे त्याला कोणीतरी सांगितले पाहिजे.

आता जातिव्यवस्थेकडे येऊ. या खेळात श्रमाच्या पाच व्यवस्था आहेत: टोळीजीवन, गुलामगिरी, भूदासपद्धती, जातिव्यवस्था आणि मुक्ती. जातिव्यवस्था लागू केली की शहरातले कितीही नागरिक शास्त्रज्ञ, व्यापारी किंवा कलावंत म्हणून नेमता येतात. एरवी त्यासाठी ग्रंथालय, बाजार, नाट्यगृह अशा वास्तू लागतात आणि संख्येला मर्यादा पडते. जात आली की ती मर्यादा उठते. ज्या व्यवस्थेने माणसाच्या जन्माबरोबर त्याचे काम ठरवून टाकले, ग्रंथालयाच्या पायरीवरूनच त्याला हाकलले, तीच व्यवस्था इथे 'कोणालाही शास्त्रज्ञ करा' अशी मुभा बनून आली आहे! बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिनिर्मूलना'त दाखवून दिले होते की जात केवळ श्रमाची वाटणी नाही, ती श्रम करणाऱ्या माणसांची वाटणी आहे. खेळाने पहिली गोष्ट ठेवली आणि दुसरी गाळली. गाळली ती गोष्टच जात होती.

आणखी एक तपशील पाहण्यासारखा आहे. खेळात 'कायद्याची संहिता' हा शोध लागल्यावर जातिव्यवस्था खुली होते. म्हणजे आधी संहिता, मग जात. बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात याच्या नेमके उलट सांगितले आहे. मनूने जात निर्माण केली नाही. आधीच असलेल्या जातीला त्याने संहितेचे रूप दिले. हा फरक किरकोळ नाही. जात राजाच्या हुकमाने येत असती, तर हुकमाने गेलीही असती. खेळात ती एका पाळीत बदलता येते. आपल्याकडे संविधान लागू झाले १९५० साली, आणि ती अजून घराघरात बसून आहे.

या खेळात भारतही आहे. त्याचे दोन शासक, गांधी आणि अशोक. दोघांनाही 'आध्यात्मिक' हा गुण दिलेला आहे. या गुणाचा लाभ असा की समाजव्यवस्था बदलताना इतर राष्ट्रांना जी अराजकाची पाळी भोगावी लागते, ती यांना भोगावी लागत नाही. त्यामुळे कुशल खेळाडू भारत घेऊन गुलामगिरीतून जातिव्यवस्थेत आणि जातिव्यवस्थेतून गुलामगिरीत हवे तेव्हा जातो-येतो, आणि राज्यात पान हलत नाही. शिवाय प्रत्येक राष्ट्राला एक खास पथक मिळते. बहुतेकांच्या वाट्याला लढवय्ये येतात. भारताच्या वाट्याला आला आहे मजूर. दोन घरे चालणारा नव्हे, तीन घरे चालणारा, अधिक चपळ मजूर. रचनाकारांना हे सुचले ते उपहासाने नव्हे, हे मला मान्य आहे. उपहास असता तर बरे झाले असते.

काही जण म्हणतील, ही नुसती नावे आहेत. नियमाला काहीतरी नाव द्यावेच लागते. मग दुसरे नाव का नाही दिले? नाव देताना इतिहास हवा आणि हिशेब मांडताना इतिहास नको, असे कसे चालेल? माझा आक्षेप दुष्ट हेतूवर नाही. सिंहासनावरून पाहणाऱ्याला जात अशीच दिसते: एक सोय, एक शिस्त, कामाला लागलेली माणसे. खेळ खोटे बोलत नाही; तो राजाचे खरे बोलतो.

तरीही या खेळात एक नियम असा आहे की तिथे राजाच्या हिशेबातून माणूस निसटतो. लोकशाहीचा शोध लागल्यावर 'मुक्ती' ही व्यवस्था खुली होते. एखाद्या राष्ट्राने ती स्वीकारली की जिथे ती नाही अशा दुसऱ्या राष्ट्रांतले नागरिक अस्वस्थ होऊ लागतात. सीमा, सैन्य, कर यांपैकी कशानेही ती अस्वस्थता रोखता येत नाही. हे मात्र खरे आहे, आणि त्याचा पुरावा आपल्याच घरात आहे. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली आणि निग्रोंच्या दास्यविमोचनासाठी झटणाऱ्या अमेरिकेतील लोकांना ती अर्पण केली. १९६६ साली ओकलंडमध्ये ब्लॅक पँथर उभी राहिली आणि १९७२ साली मुंबईत दलित पँथर. एका ठिकाणची मुक्ती दुसऱ्या ठिकाणच्या माणसाला झोपू देत नाही. राजाच्या दृष्टीने तो तोटा आहे. आपल्या दृष्टीने तोच इतिहास आहे.

आपल्या मुलांनी हे खेळ खेळू नयेत, असे मी म्हणणार नाही. हिशेब, धीर, अक्षराचे सामर्थ्य, एका वेळी एकच आघाडी, हे त्यांतून जरूर शिकावे. पण दुर्बलतेतून वर येण्याचा आपला अनुभव या खेळात नाही. आरंभी प्रत्येक राष्ट्राला वसाहत करण्याची संधी मिळते; आपल्याला गावाबाहेरची जागा ठरवून मिळाली. तिथे एका शहराला लागलेला शोध साऱ्या राज्याचा होतो. इथे ज्ञानाला कुंपण होते. आणि महाडला १९२७ साली ओंजळभर पाणी उचलले गेले तेव्हा राज्यकर्त्यांची व्यवस्था बदलली नव्हती. रांगेतला चेहरा माणूस म्हणून उभा राहिला होता. अशी चाल या खेळात कोणालाही खेळता येत नाही.

ती चाल ज्यात खेळता येईल असा खेळ रचणारी मुले आज आपल्या वसतिगृहांत आहेत. त्यांनी सिंहासनावरून उठावे आणि त्या रांगेतून डाव मांडावा. आपण कविता मांडली, आत्मकथन मांडले. हेही मांडता येईल.