सिद्धान्त घडतो कसा? आर्थिक समाजशास्त्राची चाळीस वर्षे

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी बोस्टनजवळच्या न्यूटन या उपनगरात नोकरदारांच्या मुलाखती घेतल्या. सध्याची नोकरी कुणाकडून कळली, मित्राने सांगितले का, असे ते विचारत. पुष्कळ जण त्यांना दुरुस्त करीत: मित्र नव्हे, नुसता ओळखीचा. एखाद्याने ‘ओळखीतून’ हा रकाना भरला असता आणि तो पुढच्या प्रश्नाकडे वळला असता. ग्रॅनोव्हेटर तिथेच थांबले. ओळखीतून नोकरी लागलेल्या ५४ जणांपैकी सांगणाऱ्याशी वारंवार गाठ पडणारे अवघे १६.७ टक्के निघाले. अधूनमधून भेटणारे ५५.६ टक्के होते आणि क्वचितच भेटणारे २७.८ टक्के. यातून त्यांनी विधान घडवले. जवळचे मित्र एकमेकांनाही ओळखतात आणि एकाच गोतावळ्यात वावरतात, त्यामुळे त्यांच्याकडची बातमी आपल्याला बहुधा आधीच ठाऊक असते. नवी बातमी दूरच्या ओळखीतून येते, कारण ती ओळख दोन गोतावळ्यांना जोडते. १९७३ साली ‘अमेरिकन जर्नल ऑफ सोशिऑलॉजी’त हा लेख आला. लेखाचा तो भाग त्या वारंवार ऐकलेल्या दुरुस्तीवरून सुचला, अशी तळटीप त्यांनी दिली आहे.

ती तळटीप मला अनेक जाडजूड ग्रंथांहून मोलाची वाटते, कारण सिद्धान्त नेमका कुठून उगवतो हे तिच्यात उघड दिसते. आर्थिक समाजशास्त्राने गेल्या चाळीस वर्षांत अमाप माहिती जमवली आणि आकडेशास्त्र धारदार केले. पण कानावर पडलेल्या एका वाक्यापासून दूरवर लागू पडणाऱ्या विधानापर्यंत जाण्याचे कसब त्या मानाने वाढले नाही. या शाखेचा आढावा मी तीन कसोट्यांवर घेतो. सिद्धान्त एखाद्या खटकलेल्या गोष्टीतून निघाला आहे का? काय बाजूला ठेवायचे हे त्याने ठरवले आहे का? आणि आपण कुठे चुकीचे ठरू, हे तो सांगतो का?

या शाखेची मुळे जुनी आहेत. दुर्खीम यांचा श्रमविभागणीवरचा ग्रंथ १८९३ चा, झिमेल यांचा पैशावरचा १९०० चा. वेबर यांचा ‘अर्थव्यवस्था आणि समाज’ त्यांच्या निधनानंतर आला. पुढे मात्र अर्थशास्त्र आणि समाजशास्त्र यांनी आपापली शेते वाटून घेतली. किंमत, बाजार, नफा अर्थशास्त्राकडे गेले आणि कुटुंब, धर्म, मूल्ये समाजशास्त्राकडे. १९८५ साली ग्रॅनोव्हेटर यांनी ही वाटणी मोडली. अर्थशास्त्रातला माणूस एकटा, कुणाशी नाते नसलेला. त्या काळच्या समाजशास्त्रातला माणूस समाजाने शिकवलेले नियम बिनबोभाट पाळणारा. दोन्ही चित्रांत चालू, जिवंत नाती गायब आहेत, असे त्यांनी दाखवले. आर्थिक व्यवहार सामाजिक नात्यांत रुजलेले असतात, हे त्यांचे मध्यवर्ती विधान होते. तिथून ‘नवे आर्थिक समाजशास्त्र’ सुरू झाले. १९९४ मध्ये स्मेल्सर आणि स्वेडबर्ग यांनी या शाखेचा मोठा संदर्भग्रंथ संपादित केला आणि २००५ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती काढली. शाखा स्थिरावली.

पहिला प्रवाह नात्यांच्या जाळ्यांचा. यात माझ्या मते सर्वांत भक्कम काम ब्रायन उझी यांचे आहे. त्यांनी न्यूयॉर्कच्या तयार कपड्यांच्या धंद्यातल्या कंपन्या अभ्यासल्या. ओळखीच्या, विश्वासातल्या व्यापाऱ्यांशी व्यवहार करणाऱ्या कंपन्या तग धरतात, पण एका मर्यादेपर्यंतच. सगळाच धंदा मोजक्या विश्वासू लोकांशी बांधला की बाहेरची खबर तुटते आणि एखादे मोठे गिऱ्हाईक गेले की कंपनीही बुडते. विश्वास कधी तारतो आणि कधी मारतो, हे हा सिद्धान्त सांगतो, म्हणून तो तिसऱ्या कसोटीला उतरतो. त्याच्या मागोमाग आलेल्या शेकडो निबंधांबद्दल तसे म्हणता येत नाही. अमुक व्यवहारही नात्यांत रुजलेला आहे, एवढे दाखवून ते संपतात. ग्रेटा क्रिप्नर यांनी २००१ मध्ये यावर नेमके बोट ठेवले. बाजाराभोवतीची नाती तपासता तपासता खुद्द बाजाराची कल्पना अर्थशास्त्राकडून जशीच्या तशी उचलली गेली, असा त्यांचा आक्षेप होता. तो मला पूर्ण पटतो. सगळेच रुजलेले असेल, तर रुजलेपण कशाचेच कारण ठरत नाही.

दुसरा प्रवाह अर्थांचा, आणि त्यात व्हिव्हियाना झेलायझर यांचे नाव सर्वांत आधी घ्यावे लागते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत आयुर्विमा चालत नव्हता. हिशेबाने पाहता तो फायद्याचा होता, तरी लोक घेत नव्हते. नवऱ्याच्या मरणाचे पैसे घेणे लोकांना पाप वाटे. पुढे हाच विमा कर्त्या पुरुषाचे धार्मिक कर्तव्य म्हणून विकला जाऊ लागला आणि चालला. १९७९ च्या पुस्तकात त्यांनी हा प्रवास मांडला. १९८५ च्या पुस्तकात त्यांनी १८७० ते १९३० या काळातले अमेरिकन मूल घेतले. कमाईच्या दृष्टीने मूल ‘निरुपयोगी’ होत गेले, तसतसे भावनेच्या दृष्टीने ते अनमोल ठरत गेले. आणि गंमत अशी की त्याच काळात त्याच्या जिवाची कोर्टातली आणि विम्यातली किंमत वाढत गेली. झेलायझर यांची ताकद दुसऱ्या कसोटीत आहे. एका प्रश्नाला चिकटून त्या बाकी सगळे दूर ठेवतात. त्यांच्या वाटेने गेलेल्या अनेकांनी मात्र प्रत्येक व्यवहाराला सांस्कृतिक अर्थ असतो एवढेच वाक्य उचलले. अर्थ कोण ठरवतो, न पटणाऱ्याचे काय होते, या प्रश्नांना त्यांनी हात घातला नाही.

तिसऱ्या प्रवाहाचे प्रणेते मिशेल कालों आणि डोनाल्ड मॅकेंझी. अर्थशास्त्र बाजाराचे वर्णन करता करता बाजार घडवतेही, असे ते म्हणतात. मॅकेंझी यांचा पुरावा प्रत्यक्ष सौद्यांच्या जागेवरचा आहे. १९७३ मध्ये शिकागोत ऑप्शन्सचा, म्हणजे ठरलेल्या भावाने पुढे खरेदी-विक्री करण्याच्या हक्कांचा, बाजार उघडला आणि त्याच वर्षी ऑप्शनची किंमत काढणारे ब्लॅक-शोल्स सूत्र प्रसिद्ध झाले. सुरुवातीला बाजारातल्या किमती सूत्राशी फारशा जुळत नसत. सूत्रकर्त्यांपैकी फिशर ब्लॅक हे त्यावरून काढलेल्या किमतींचे छापील कागद वर्गणी घेऊन विकू लागले. दलाल त्या कागदांची गुंडाळी हातात ठेवत, तिच्यात डोकावून भाव पाहत आणि बोली लावत. पुढच्या काही वर्षांत किमती सूत्राशी जुळू लागल्या. १९८७ च्या ऑक्टोबरमधल्या शेअर बाजाराच्या घसरणीनंतर मात्र हे जुळणे मोडले, ते आजतागायत. सिद्धान्त बाजार घडवतो आणि त्याचा जोर संपूही शकतो, ही दोन्ही टोके मॅकेंझी यांनी दाखवली.

याच धाटणीचे जुने उदाहरण फ्रान्सचे आहे. मारी-फ्रान्स गार्सिया यांनी १९८६ मध्ये सोलोन्य भागातल्या फोंतेन गावचा स्ट्रॉबेरीचा लिलाव अभ्यासला. १९८१ पर्यंत शेतकरी ओळखीच्या दलालांना माल देत. मग कृषी संस्थेतल्या, अर्थशास्त्र शिकलेल्या एका तरुण सल्लागाराने पुस्तकातल्यासारखा बाजार उभारायचे ठरवले. मालाची प्रतवारी झाली, भाव विजेच्या फलकावर उतरू लागले, विकणारे आणि घेणारे वेगवेगळ्या खोल्यांत बसू लागले. पुस्तकी बाजारही कुणीतरी भिंती घालून, नाती तोडून बांधावा लागतो, हे गार्सियांनी दाखवले. आपल्याकडे शेतमालाचा ऑनलाइन बाजार, ई-नाम, २०१६ मध्ये आला. लासलगावच्या कांदा लिलावाकडे याच नजरेने पाहता येईल. ट्रॅक्टरच्या रांगेत कोण कुठे उभा राहतो, माल कोण उलगडून पाहतो, बोली कोण पुकारतो, आणि पडद्यावर भाव आल्यावर यातले काय बदलते?

तिन्ही प्रवाहांतले उत्तम काम असे डोळ्यांसमोर उभे राहते. मग एकूण पिकात सिद्धान्त इतका विरळ का? रिचर्ड स्वेडबर्ग यांनी २०१४ च्या ‘सामाजिक सिद्धान्ताची कला’ या अर्थाच्या ग्रंथात याचे उत्तर शोधले आहे. संशोधनाचे दोन टप्पे असतात: कल्पना सापडण्याचा आणि ती सिद्ध करण्याचा. विद्यापीठे दुसरा टप्पा कसून शिकवतात. नमुना कसा निवडावा, प्रश्नावली कशी करावी, आकडे कसे तपासावेत. पहिला टप्पा प्रत्येकाच्या प्रतिभेवर सोडला जातो. स्वेडबर्ग म्हणतात की तोही शिकवता येतो. आधी विषयाशी मोकळेपणाने भिडावे, निरीक्षण करावे, दिसले त्याला नाव द्यावे, त्यातून संकल्पना घडवावी, साम्ये शोधावीत, आणि मग कारणमीमांसा करावी. सी. राइट मिल्स यांनी १९५९ मध्ये आपल्या पुस्तकाच्या परिशिष्टात हेच कसब हाताला धरून शिकवले होते. स्वेडबर्ग यांचे निदान अचूक आहे. उपाय मात्र मला अपुरा वाटतो. पायऱ्या पाठ केल्या की सिद्धान्त घडतो असे नाही. काय सोडायचे, हा धीर त्या पायऱ्यांत कुठेच शिकवलेला नाही. कीरन हीली यांनी २०१७ च्या लेखात हेच दुसऱ्या बाजूने मांडले. ‘पण हे इतके सोपे नाही’ असे म्हणत प्रत्येक विधानात आणखी बारकावे कोंबायचा आग्रह सिद्धान्ताचा गळा आवळतो, असे ते सांगतात. रक्तदान आणि अवयवदानावर ज्यांनी स्वतः बारकाईचे काम केले आहे, त्यांनी हे म्हणावे याला वजन आहे.

हा धीर पाहायचा असेल तर मराठी वाचकाला लांब जावे लागत नाही. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात, पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातल्या जातींवर निबंध वाचला. ते तिथे अर्थशास्त्र शिकत होते. सेनार, नेसफील्ड, रिस्ले आणि श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या व्याख्या त्यांनी एकेक करून तपासल्या. केतकरांची दोन लक्षणे, जन्माने सदस्यत्व आणि बाहेर लग्नाला बंदी, ही एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत, असे त्यांनी दाखवले. विटाळाची कल्पना जातीच्या व्याख्येतून बाजूला काढली. उरले एकच लक्षण: जातीतल्या जातीत लग्न. मग ते पुढचा प्रश्न विचारतात. असा गट टिकवायचा तर जोडीदार गेलेल्या स्त्री-पुरुषांचे काय करायचे? सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या तिन्ही प्रथा त्यांना याच प्रश्नाच्या उत्तरात सापडतात. प्रसाराचे कारण ते अनुकरणात शोधतात. ब्राह्मणांच्या जवळच्या जातींनी तिन्ही प्रथा उचलल्या, दूरच्यांनी दोन, त्याहून दूरच्यांनी एक, असा चढता-उतरता क्रम ते मांडतात. हा क्रम गावोगाव तपासता येतो, म्हणजे सिद्धान्त कुठे मोडेल हेही त्यातच आहे. तिन्ही कसोट्या एका निबंधात पूर्ण होतात.

पुढे १९३६ मध्ये जात ही कामांची नव्हे तर कामगारांचीच वाटणी आहे, असे आंबेडकरांनी मांडले. मुंबईच्या गिरण्यांत ही वाटणी उघड दिसत होती. अस्पृश्य मानलेल्या कामगारांना विणकाम खात्यात घेत नसत. धोट्यात नवी कांडी घातली की सुताचे टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. या उष्ट्याचे कारण पुढे केले जाई. विणकामाची मजुरी सूतकताईपेक्षा जास्त होती. १९२८ च्या संपाच्या काळात आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला. नात्यांचा सिद्धान्त इथे म्हणेल की कामगार भरणारा मुकादम, म्हणजे जॉबर, आपल्या गावचे, आपल्या नात्यातले लोक भरतो. अर्थांचा सिद्धान्त विटाळाकडे बोट दाखवेल. दोन्ही खरे आहे, पण खरी परीक्षा धोट्याची आहे. तोंड न लावता सूत ओवता येणारा धोटा दिल्यावर दार उघडले, तर कारण विटाळ. तरीही बंदच राहिले, तर कारण मजुरी राखण्याचे. एवढा नेमका प्रश्न विचारता येणे, हेच सिद्धान्ताचे काम.

आता ग्रॅनोव्हेटर आणि आंबेडकर शेजारी ठेवू. न्यूटनमधले नोकरदार पुरुष, व्यावसायिक आणि व्यवस्थापक होते. तिथे दूरची ओळख दोन गोतावळ्यांना जोडत होती. पण ज्या समाजात लग्न, शेजार आणि जेवणाची पंगत जातीत ठरते, तिथे दूरची ओळखही बहुधा जातीतच पडते. मग तिच्यातून येणारी नोकरीची बातमी जातीबाहेर जात नाही, आणि ज्याच्या गोतावळ्यात नोकऱ्या नाहीत त्याला जाहिरात पाहून अर्ज करण्यावाचून वाट उरत नाही. थोरात आणि ॲटवेल यांनी २००७ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली’त ही वाटही कशी अडते ते दाखवले. सारख्याच पात्रतेच्या अर्जांवर वेगवेगळी आडनावे घालून त्यांनी खासगी कंपन्यांना अर्ज पाठवले. उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणे येण्याची शक्यता ०.६७ पट होती, मुस्लिम नावाला ०.३३ पट. तर माझे विधान असे: जातीतल्या लग्नावर उभ्या समाजात दूरची ओळख पूल बांधत नाही, ती कुंपण लांबवते. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत किंवा हिंजवडीच्या कंपन्यांत दूरच्या ओळखीतून नोकरी लागलेल्यांत जातीबाहेरच्या ओळखी निम्म्याहून अधिक निघाल्या, तर हे विधान पडेल. ते तपासायला मोठा निधी लागत नाही. ग्रॅनोव्हेटर यांनी विचारला तो प्रश्न आणि त्याला जोडून आणखी एक, एवढे पुरे.

आपल्या एम.ए.च्या वर्गात सिद्धान्ताचा पेपर म्हणजे बहुधा विचारवंतांची मालिका असते: मार्क्स, दुर्खीम, वेबर, पार्सन्स, मर्टन, आणि प्रत्येकाचे योगदान पाच मुद्द्यांत. त्यांना वाचलेच पाहिजे. पण १९१६ चा तो निबंध बहुधा दलित चळवळीच्या इतिहासाखाली शिकवला जातो, सिद्धान्त कसा घडवावा याचा नमुना म्हणून शिकवला जात नाही, ही आपली मोठी हानी आहे. प्रत्येक विद्यार्थ्याला वर्षाअखेर एका बाजार समितीतून, एका कंपनीतून किंवा एका बचत गटातून स्वतः पाहिलेली एक खटकणारी गोष्ट आणावी लागली, तिच्यावर एकच विधान करावे लागले आणि ते कोणत्या पुराव्याने चुकीचे ठरेल हे लिहून द्यावे लागले, तर दहा वर्षांत मराठीत आर्थिक समाजशास्त्र उभे राहील. कच्चा माल आपल्याकडे भरपूर आहे. कसब शिकवायला घ्यायचे, एवढेच उरले आहे.