संगणक-बुद्धिबळातील ‘व्यावसायिक’ आणि ‘हौशी’ : एक चिकित्सा

संगणक-बुद्धिबळाच्या जागतिक स्पर्धांत आज्ञावलींची ‘हौशी’ व ‘व्यावसायिक’ अशी वर्गवारी होत असे. वास्तविक पाहता ही वर्गवारी निर्मात्याच्या उपजीविकेची, आज्ञावलीच्या बळाची नव्हे. परंतु ती बळाचीच मानली गेली. १९९० च्या दशकात हे खपूनही गेले, कारण ‘फ्रिट्झ’सारखी विक्रीची आज्ञावली घरी लिहिलेल्या आज्ञावलीस सहसा भारी पडे. २००५ साली रेकयाविक येथे मात्र अँथनी कोझी या विद्यार्थ्याची ‘झाप्पा’ जगज्जेती ठरली. उपविजेत्या ‘फ्रूट’ची मूळ संहिता तर तिच्या कर्त्याने, फाबियां लतूझे याने, सर्वांस खुली केली. जे ज्ञान आजवर विक्रेत्याच्या कुलुपात होते, ते असे चव्हाट्यावर आले.

२००८ मध्ये आलेल्या ‘स्टॉकफिश’ने उरलेसुरले अंतरही पुसले. २०१३ पासून तिच्या प्रत्येक बदलाची कसोटी स्वयंसेवकांच्या दान केलेल्या संगणकांवर होते. एवढी चाचणी एखाद्या लहान कंपनीस परवडणे कठीणच. पुढे तर गंगा उलटी वाहिली. चेसबेसने २०२१ मध्ये विकलेले ‘फॅट फ्रिट्झ २’ हे मुख्यतः स्टॉकफिशच असल्याचे सांगत तिचे कर्ते न्यायालयात गेले. २०२२ मध्ये तडजोड झाली.

२०२५ ची महिला विश्वचषक विजेती नागपूरची दिव्या देशमुख असो वा पनवेलचा शाळकरी खेळाडू, स्टॉकफिश दोघांनाही विनामूल्य उपलब्ध आहे. शाळकरी मुलाजवळ नसतो तो शक्तिशाली संगणक आणि, त्याहून अधिक, यंत्राने दाखविलेल्या आकड्याचा अर्थ उलगडणारा प्रशिक्षक.