विलंबाचे माप : दोन निर्णय आणि नालवाडीचा अनुभव

चुकीचा उपचार न्यायालयास दाखविता येतो. वेळेवर न झालेले निदान कसे दाखवावयाचे? गंभीर संसर्गात जाणारा प्रत्येक दिवस हानी वाढवितो, परंतु त्यांपैकी कोणता दिवस हयगयीचा, हे ठरविणे सोपे नसते. महाराष्ट्रात उद्भवलेले दोन खटले सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली निकालात काढले. विलंबाच्या प्रश्नास त्यांनी कितपत उत्तर दिले, हे पाहणे अगत्याचे आहे.

पहिला, अच्युतराव खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य. औरंगाबादच्या शासकीय रुग्णालयात जुलै १९६३ मध्ये एका बाळंतिणीवर संततिप्रतिबंधक शस्त्रक्रिया झाली. पाठोपाठ तीव्र ताप व पोटदुखी सुरू झाली. काही दिवसांनी पोट पुन्हा उघडले, तेव्हा आत राहिलेला टॉवेल व पू आढळला. उदरावरणाचा दाह होऊन ती त्याच महिन्यात मरण पावली. न्यायालयाने ३६,००० रुपयांची भरपाई मान्य केली. नेमक्या कोणत्या डॉक्टराचा दोष, हे सिद्ध झाले नाही तरी रुग्णालय चालविणारे राज्य जबाबदार आहे, हे या निर्णयाचे मोलाचे तत्त्व होय.

दुसरा, पूनम वर्मा विरुद्ध अश्विन पटेल. मुंबईत १९९२ साली एका तापाच्या रुग्णास प्रथम विषाणुजन्य ताप व नंतर टायफॉइड समजून औषधे देण्यात आली. खात्रीसाठी रक्ततपासणी झाली नाही आणि रुग्ण दगावला. होमिओपॅथीच्या पदविकेवर ॲलोपॅथीचे उपचार करणे हीच हयगय, असे ठरवून न्यायालयाने तीन लाख रुपये देवविले.

दोन्ही निकाल न्याय्य आहेत. परंतु पहिल्यात टॉवेल आणि दुसऱ्यात पदविका हाताशी होती. म्हणून ताप ओळखण्यास किती उशीर क्षम्य, याचे माप घालून देण्याची गरज न्यायालयास भासली नाही. जेथे टॉवेल सापडत नाही आणि डॉक्टराची पदवीही योग्य आहे, तेथे दावेदाराने काय करावे?

या प्रश्नावर वर्ध्यालगतच्या नालवाडीचा अनुभव प्रकाश टाकतो. विनोबा नालवाडीस राहत असताना त्यांचे सहकारी मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये जवळच्या दत्तपूर येथे कुष्ठरोग्यांच्या सेवेचे कार्य उभे केले. कुष्ठरोगात विलंब शरीरावरच लिहिला जातो : प्रथम बधिर चट्टा, मग नसांची हानी, शेवटी वाकलेली बोटे. पुढे वर्धा येथे १९५१ साली स्थापन झालेल्या गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशनने घरोघर पाहणी, लोकशिक्षण आणि उपचार यांची सांगड घातली. रुग्ण येईपर्यंत थांबावयाचे नाही, हे त्या पद्धतीचे सार होते. चट्ट्यावरील स्पर्शज्ञान पाहणे व नसा चाचपणे यांस महागडी उपकरणे लागत नाहीत. ‘वाजवी काळजी’ हे कायद्यातील मोघम शब्द येथे ठोस होतात : चट्टा पाहिला, संवेदना तपासली काय? तपासली असल्यास नोंद कोठे आहे?

रोगाचा शेवट ठाऊक झाल्यावर त्याचा आरंभ स्पष्ट दिसू लागतो, असा आक्षेप डॉक्टरांच्या बाजूने घेतला जाईल, व तो रास्त आहे. म्हणूनच माप परिणामाचे नसून त्या वेळी सहज शक्य असलेल्या तपासणीचे असावे. तपासूनही रोग निसटला, तर तो दोष नव्हे. तपासलेच नाही, तर तो दोष होय. एकाच रुग्णालयाच्या अनेक हातांतून रुग्ण जातो, तेव्हा प्रत्येकाचा विलंब थोडा आणि सर्वांचा मिळून घातक असतो. खोडवा निर्णयाचे तत्त्व टॉवेलापुरते न ठेवता अशा एकत्रित विलंबास लागू करणे तर्कसंगत ठरेल.

मुदतीचा प्रश्न उरतोच. ग्राहक संरक्षण कायद्यान्वये तक्रार दोन वर्षांत करावयाची असते. कुष्ठरोगातील विकृती मात्र चुकलेल्या तपासणीनंतर वर्षांनी प्रकट होऊ शकते. विलंब माफ करण्याचा अधिकार ग्राहक आयोगांस आहे; तो वापरताना रोगाची स्वतःची गती लक्षात घेतली पाहिजे. ज्या देशात २०१९ पर्यंत कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कायदेशीर कारण होते, तेथे कायद्याने रोग्याकडे बोट दाखविले. निदानास झालेल्या उशिराकडे क्वचितच. ती दिशा पालटणे हे न्यायाचे अपुरे राहिलेले काम आहे.