'इलेक्ट्रॉन-सागर' या रूपकाची मर्यादा : धातुबंध आणि विद्युतवाहकता

पदवीच्या वर्गात धातूंची विद्युतवाहकता शिकविताना उत्तर ठरलेले असते : संयुजा इलेक्ट्रॉन अणूंपासून सुटे होतात, धन आयनांच्या जालकात त्यांचा 'सागर' पसरतो आणि विभवांतर लावताच तो वाहू लागतो. पॉल ड्रूडे यांनी १९०० साली मांडलेल्या कल्पनेचे हे सुलभ रूप होय. धातू वाहक का असतात, हे त्यातून कळते. कोणता धातू किती वाहक, हे मात्र कळत नाही; आणि अध्यापनातील घोटाळा नेमका येथेच होतो.

कवठे महांकाळसारख्या अवर्षणप्रवण तालुक्यात याचे उदाहरण शिवारातच आहे. कृष्णेचे पाणी म्हैसाळ उपसा सिंचन योजनेच्या पंपांनी चढविले जाते. विहिरींवरही विद्युत मोटारी आहेत. मोटारीचे वाइंडिंग बहुधा तांब्याचे, खांबावरील तार ॲल्युमिनियमची. ॲल्युमिनियमचा अणू तीन इलेक्ट्रॉन मुक्त करतो, तांब्याचा एक. परिणामी, एका घनमीटरमधील मुक्त इलेक्ट्रॉनांची संख्या ॲल्युमिनियममध्ये तांब्याच्या दुपटीहून अधिक भरते. तरीही वाहकता तांब्याच्या सुमारे ६० टक्केच. (खांबावर ॲल्युमिनियम येते ते हलकेपणामुळे आणि स्वस्ताईमुळे.) 'सागर मोठा तर प्रवाह मोठा' हा विद्यार्थ्यांचा स्वाभाविक तर्क येथे उलटा पडतो. बंधाची बळकटीही निकष ठरत नाही : टंगस्टन ३,४०० अंश सेल्सिअसच्या पुढे वितळते, पण त्याची वाहकता तांब्याच्या एकतृतीयांशाहून कमी आहे.

संख्येइतकेच महत्त्व इलेक्ट्रॉन किती अंतर निर्वेध जातो, याला आहे. ड्रूडे यांच्या चित्रात तो आयनांवर आदळतो. तेव्हा हे अंतर दोन अणूंमधील अंतराएवढेच असावयास हवे. प्रत्यक्षात सामान्य तापमानाला तांब्यात ते सुमारे ४० नॅनोमीटर, म्हणजे अणू-अंतराच्या जवळपास दीडशे पट असते. आयनांच्या एवढ्या दाटीतून कण पार कसा होतो, याचे उत्तर सागराच्या रूपकात नाही. ते फेलिक्स ब्लॉख यांनी १९२८ मध्ये दिले : इलेक्ट्रॉन तरंगरूप असल्याने सुव्यवस्थित जालक त्याला अडवीत नाही, अडवितात ती आयनांची कंपने आणि अशुद्धी. म्हणूनच मोटारीचे वाइंडिंग ५० अंशांनी तापले की त्याचा रोध सुमारे २० टक्क्यांनी वाढतो.

रूपक टाकून द्यावे असे नाही. प्रारंभीच्या वर्गांत त्याला पर्याय नाही. मात्र 'मुक्त इलेक्ट्रॉन असतात म्हणून' एवढ्या उत्तरास पदवी स्तरावर पूर्ण गुण देणे समर्थनीय नाही. समान लांबीच्या व जाडीच्या तांबे-ॲल्युमिनियम तारांचे रोध केरी-फॉस्टर सेतूवर मोजण्याआधी विद्यार्थ्यांकडून अंदाज लिहून घेणे कोणत्याही महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत शक्य आहे.